‘गिव्ह राइज टू’च्या आधीचा शब्द

११ ऑक्टोबर १९५४, सोमवार

माझ्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाचे सतरावे प्रकरण आज धरले. धरले म्हणजे फक्त मथळा टाइप केला. डोळे चुरचुरतात आणि यंत्राचा ‘ई’ अर्धाच उठतो.

प्रकरण एकाच वाक्प्रचाराचे आहे: ‘गिव्ह राइज टू’. एका गोष्टीतून दुसरी उत्पन्न झाली, हिच्यामुळे ती घडली, हे सांगण्याची साहेबी रीत. कचेरीतला कारकून तो रोज वापरतो आणि रोज चुकतो. वाक्प्रचार त्याला येतो, त्याला जोडायचे क्रियाविशेषण येत नाही. ‘इनएव्हिटेबली’, म्हणजे अटळपणे. ‘डायरेक्टली’, म्हणजे थेट. ‘नॅचरली’, म्हणजे साहजिकच. हे शब्द बसतात ‘गिव्ह’च्या आधी. ‘गिव्ह’ आणि ‘राइज’ यांच्यामध्ये काही शिरू द्यायचे नाही, ती दोघे पाटावरच्या नवराबायकोसारखी. हे मी कुणाकडून शिकलो नाही. वर्तमानपत्रांची कात्रणे जमवून, एकेक वाक्य ओळीने लावून काढले. पाचवीनंतर मला शाळा नाही. आज कुंभकोणमातले बी. ए. झालेले लोक माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये येऊन अर्ज तपासून घेतात.

ही वही मात्र आपल्या भाषेत. इंग्रजी जगासाठी, तमिळ बाजारासाठी, मराठी घरासाठी, या मुलुखात पिढ्या गेल्या तरी. मागे पुण्याचे एक पाहुणे म्हणाले, तुमची मराठी ऐकून पेशवाईत आल्यासारखे वाटते. मी त्यांना त्यांच्या इंग्रजीतल्या तीन चुका सांगितल्या. ते जेवायला थांबले नाहीत.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळ वाया. रस्त्यात पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली कल्हईवाला भाता लावून बसला आणि नवसागराचा पांढरा धूर सरळ माझ्या मेजावर. खोकून बेजार झालो. खिडकी लावून घेतली, तर उकाडा.

त्यात सेतू दारात. सेतू आमच्या विठोबाच्या मठाचा आचारी. आमच्या मुंजी एकाच मांडवात झाल्या. तो पुढे पळीकडे गेला, मी लेखणीकडे. उंबऱ्यावरूनच त्याने मठाच्या भांड्यांचे काहीतरी सुरू केले. मी ‘लार्जली’वर होतो, आणि ‘लार्जली’ म्हणजे ‘बहुतांशी’ हा शब्द फार फसवा आहे. म्हटले, लिहून आण. मठाचा चिटणीस या नात्याने गेल्या वर्षी मी नियमच केला आहे की खर्चाची मागणी तोंडी घेतली जाणार नाही. तोंडी गोष्टींतूनच सगळी भांडणे उपजतात. सेतू हसला. ‘बरं सायबा,’ म्हणाला, आणि आत माझ्या बायकोकडे, कामाक्षीकडे, फिल्टरची कापी प्यायला गेला.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. अंगात कसकस आहे. प्रकरणाचे तीन भाग पाडले: खात्रीची क्रियाविशेषणे, मापाची आणि अंतराची. ‘डायरेक्टली’ आणि ‘इनडायरेक्टली’ ही अंतराची. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये किती घरे आहेत ते ती सांगतात. असा विचार माझ्या आधी कुणी केला असेल असे वाटत नाही.

वर्ग चालू असताना सेतू पुन्हा दारात. मी लांबूनच तळवा पुढे केला, म्हणजे कागद कुठे? त्याने दोन्ही रिकामे हात दाखवले. पोरे हसली. तोही हसला आणि गेला.

६ नोव्हेंबर, शनिवार

कार्तिकी एकादशी. मठात भजनाला आडुतुरैची माणसे आली, सुंदरपेरुमाळ कोयिलची आली. व्यंकोबातात्यांनी सत्तरीतही वरचा षड्ज लावला. उपासाने माझे डोके धरले आहे.

बाहेरच्या मंडळींना उद्या सकाळची पॅसेंजर गाठायची आहे, म्हणून द्वादशीचे पारणे उजाडताच वाढायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन सेतूला बजावून आलो. उशीर झाला तर गाडी थांबणार नाही. तो म्हणाला, लाकडे ओली आहेत नरसू, पहाटे चूल धुमसत बसेल. मग जे होईल ते आत्ताच करून ठेव, असे मी सांगितले. द्वादशीला चिंच चालत नाही, आंबटाला आवळा. आवळ्याची पच्चडी, म्हणजे कोशिंबीर, त्याने संध्याकाळीच करून ठेवली. बाकी हदग्याच्या पानांची भाजी आणि भात पहाटे. निघताना समाधान वाटले की मी स्वतः लक्ष घातले.

८ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिले नाही. लिहिण्यासारखी स्थितीच नव्हती.

पारणे झाले, मंडळी स्टेशनावर गेली, आणि फलाटावरच ओकाऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा दोन बायका, मग आडुतुरैचे टाळकरी, मग एकामागून एक, बारा-चौदा जण. मला आवळा सोसत नाही, त्यामुळे मी वाचलो. सेतूने स्वतः शेवटी खाल्ले होते, त्यालाही झाले. तरी तो पोट धरून हातगाडीवर एकेकाला घालून इस्पितळात पोचवत होता. व्यंकोबातात्यांना तिथेच ठेवून घेतले. बाकीच्यांना काल संध्याकाळी सोडले.

नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक आले. त्यांनी मोठे पितळी पातेले उजेडाला तिरपे धरले. आतली कल्हई तळाशी पार गेलेली, पिवळे पितळ उघडे. आंबट पच्चडी रात्रभर त्यात कळकली. निरीक्षक तमिळ गृहस्थ. ‘कळकणे’ याला त्यांच्याकडे एक शब्द आहे का ते विचारायचे राहिले.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

मठाच्या पडवीत चौकशी. अध्यक्ष चंद्रमौलीराव, निवृत्त मुन्सफ, खुर्चीवर. आम्ही सतरंजीवर. सेतू खांबाजवळ उभा, बायको गोदा दाराआड.

मुन्सफसाहेबांनी सेतूला रीतसर विचारले. पातेले कुणाच्या ताब्यात? माझ्या. कल्हई गेली हे तुला दिसले नव्हते? दिसले होते. मग कुणाला सांगितलेस?

सेतूने एकदा माझ्याकडे पाहिले. मग स्वतःच्या पायांकडे पाहत म्हणाला, “राहून गेलं.”

दाराआड गोदाची बांगडी वाजली. सेतूने तिकडे मान वळवली आणि आवाज थांबला.

मला खरे म्हणजे हायसे वाटले. गुंता राहिला नाही, माणसाने कबूल केले. नगरपालिकेला इंग्रजीत अहवाल द्यायचा आहे. तो अर्थात माझ्याकडे.

१५ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस एका वाक्यात गेले. ‘आचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा आजार उद्भवला.’ इथे ‘गिव्ह राइज टू’ आपल्या पायांनी चालत आला. गेला महिनाभर कात्रणांत शोधत होतो ते खरे वाक्य.

पण आधी शब्द कोणता? ‘इनएव्हिटेबली’ जमत नाही. अटळ म्हटले तर माणसाचा दोष उरत नाही. ‘नॅचरली’ म्हणजे पावसापाण्यासारखे झाले. ‘इन्व्हेरिएबली’ म्हणजे दर वेळी, आणि तसे तर नाही, तीस वर्षांत सेतूच्या हातून कुणाला ठसका लागला नव्हता. ‘ग्रॉसली’, म्हणजे घोर प्रकारे, घालावे असे मुन्सफसाहेबांचे मत पडले. मी त्यांना नम्रपणे समजावले की हा शब्द निष्काळजीपणाला लागेल, ‘गिव्ह राइज टू’ला लागणार नाही, आणि तो घालायची गरजही नाही. सेतूला मी तेवढे वाचवले.

शेवटी ‘डायरेक्टली’. निष्काळजीपणा आणि आजार यांच्यामध्ये एकही घर नाही. वाक्य टाइप करून लांब धरून पाहिले. थकवा थोडा उतरला.

१७ नोव्हेंबर, बुधवार

मुन्सफसाहेबांनी वाक्य मोठ्याने दोनदा वाचले. म्हणाले, नरसिंहराव, हायकोर्टाच्या निकालात शोभेल. सभासदांनी माना हलवल्या. त्यांतले निम्मे इंग्रजी वाचत नाहीत.

ठराव झाला. सेतूला कामावरून कमी करावे. मठामागची खोली महिनाअखेर रिकामी करावी.

सेतूला बोलावून सही घेतली. त्याला स्वतःचे नाव तेवढे गिरवता येते, तेही चारदा थांबून. ‘त’ला पाय काढायचा विसरला. मी दाखवला. त्याने काढला.

घरी आलो. आमटी गार होती.

२१ नोव्हेंबर, रविवार

सेतू आणि गोदा आजच गेली. महिनाअखेरपर्यंत थांबली नाहीत. सुंदरपेरुमाळ कोयिलला गोदाचा भाऊ आहे, केळीची बाग आहे त्याची. सेतू किल्ल्या द्यायला आला. भांडारघराची कुठली, माडीची कुठली, हे त्याने एकेक करून सांगितले. माडीची अर्धी फिरवून वर उचलायची, मग लागते. मी म्हटले, लक्षात ठेवतो. आणखी काही बोलावे असे वाटले, पण वर्ग भरायचा होता.

कामाक्षी त्यांच्याबरोबर स्टेशनापर्यंत गेली. मला विचारले नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलते आहे. जेवताना मी विचारले, काय झाले आहे? काही नाही म्हणाली. मी म्हटले, सेतूचे मला वाईट वाटत नाही असे समजू नकोस, पण वाईट वाटणे आणि अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिने ताकाचे भांडे माझ्या पुढ्यात ठेवले. म्हणाली, “आत बघा.”

पाहिले. आत आरशासारखी कल्हई.

“दिवाळीआधी करून घेतली. कल्हईवाला झाडाखाली बसला होता तेव्हा. सेतूभावजी त्याच दिवशी आले की. मठाचं मोठं पातेलं नेऊन देऊ का म्हणून विचारत होते. तुम्ही म्हणालात, लिहून आण.”

मी म्हटले, तो भांड्यांचे काहीतरी म्हणत होता.

“तेच म्हणत होते. मग कापी पिताना मला म्हणाले, वहिनी, याला कागद पाहिजे, मी कुठून आणू? मी म्हटलं, मी लिहिते. तर म्हणाले नको, पुन्हा एकदा विचारतो, त्याचं डोकं आज दुखत असेल. पुन्हा विचारायलाही आले. तुमच्या पोरांसमोर.”

मी हात धुऊन उठलो. ती म्हणाली, ताक प्या, कळकलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, बुधवार

वर्ग घेतला नाही. ताप नाही, पण ताप असल्यासारखे.

सेतूला लिहिता येत नाही हे मला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. गेल्या बुधवारी मीच त्याला ‘त’चा पाय दाखवला. तरी लिहून आण म्हणालो. माझ्या नियमात त्याच्यासारख्यासाठी जागा ठेवली नव्हती, एवढेच. नियम वाईट नव्हता. नियम नसता तर मठाचा पैसा कुठे गेला ते कळले नसते. हे खरेच आहे.

आणि चौकशीत त्याने माझ्याकडे पाहिले होते. मी ते इथे लिहूनही ठेवले. काय पाहिले ते लिहिले नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

‘चिटणीसाने केलेल्या विलंबाने अप्रत्यक्षपणे हा आजार उद्भवला.’ ‘इनडायरेक्टली गेव्ह राइज टू.’ अंतराचे क्रियाविशेषण. मध्ये घरे किती? मी नाही म्हणालो, कल्हई राहिली, लाकडे ओली, गाडी लवकरची, पच्चडी आदल्या संध्याकाळी. चार-पाच घरे. पण आदल्या संध्याकाळी करून ठेव असे सांगणाराही मीच. म्हणजे त्या घरांतून दोनदा मीच बाहेर येतो.

‘पार्टली’, म्हणजे अंशतः. पण अंश किती?

मग ‘अनविटिंग्ली’ सुचला. नकळत. वाक्प्रचाराशी याची जोडी फार सुरेख बसते. माझ्याकडे याची नऊ कात्रणे आहेत, सगळी थोरामोठ्यांविषयी. नकळत मी आजार उत्पन्न केला. खोटेही नाही, मी ऐकलेच नव्हते. प्रकरणातले सर्वांत चांगले उदाहरण झाले असते. टाइप केले. लांब धरून पाहिले. उजेड मेजावर नीट पडेना, म्हणून उठून खिडकीकडे गेलो. ती त्या धुराच्या दिवसापासून लावलेली होती. कडी मीच घातली होती.

कागद यंत्रातून काढला आणि ठेवून दिला. फाडला नाही. फाडायलाही अंगात बळ लागते.

२८ नोव्हेंबर, रविवार

सुंदरपेरुमाळ कोयिलला जाऊन आलो. गाडीत उभा राहून गेलो, पाय सुजले.

सेतू गोदाच्या भावाच्या परसात केळीची पाने कापून गड्डे बांधत होता. कुणाच्या तरी घरी बारसे होते, त्याचा स्वयंपाक याच्याकडे. मला पाहून म्हणाला, ये रे, कागद आणलास का?

मी हसलो नाही. त्यानेच मग कोयता खाली ठेवला.

मी विचारले, चौकशीत का सांगितले नाहीस?

तो म्हणाला, सांगून काय झालं असतं? मुन्सफ तुला विचारणार, तू म्हणणार मला आठवत नाही. मग मी खोटा, नाहीतर तू खोटा. सगळ्यांसमोर.

मी म्हटले, मला खरेच आठवत नव्हते.

“ठाऊक आहे मज. म्हणून तर.” मग पानाची शीर सुरीने हळू हळू सोलत म्हणाला, “नरसू, मी कुठंही जाईन आणि भात शिजवीन. इथं आलो, दुसऱ्या दिवशी बारसं मिळालं. तुझं काय? चिटणिशी गेली, मान गेला, मग तुझं ते पुस्तक कोण घेईल? तुला दुसरं येतं काय?”

हे तो चिडवायला म्हणत नव्हता. माझी खरीच काळजी करत होता. मला फार राग आला. एवढ्या वर्षांत हा माणूस मला सांभाळून घेत आला आणि मी समजत होतो की मी याला सांभाळतो.

गोदा बाहेर आली नाही. आतून मोठ्याने भावाला म्हणाली, पाहुण्यांना विचारा, ताक पितळेतलं चालेल की काचेतलं.

सेतू तोंड दाबून हसत राहिला. मी पितळेतले प्यालो.

१ डिसेंबर, बुधवार

मुन्सफसाहेबांकडे, मेलकावेरीला. त्यांना नवे वाक्य दिले. त्यात आचारी नाही, चिटणीस आहे, आणि शब्द ‘डायरेक्टली’.

त्यांनी चष्मा लावून वाचले. त्यांना वाटले मी इंग्रजी सुधारून आणले आहे. म्हणाले, नरसिंहराव, तुम्ही आणि तुमची क्रियाविशेषणे. मग समजले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. अहवाल गेला, विषय मिटला, आता हे उकरून मठाची शोभा होईल, असे बराच वेळ बोलले. शेवटी माझी कीव येऊन म्हणाले, घालायचेच असेल तर ‘इनडायरेक्टली’ घाला. अर्थही राहील, तुम्हीही राहाल.

माझेच अंतराचे शब्द ते मला परत विकत होते. मोह झाला, तो इथे लिहितो. पायऱ्या उतरून खाली आलो, पुन्हा वर गेलो आणि म्हटले, नको, थेटच राहू द्या. ते म्हणाले, तुमची मर्जी, एकादशीच्या आधी सभा आहे, तिथे वाचा.

५ डिसेंबर, रविवार

सभा. पडवीत बरीच माणसे, कारण उद्या एकादशी. व्यंकोबातात्या पंधरवडा इस्पितळात काढून आलेले, गळपट्टा गुंडाळून खांबाला टेकलेले. नवा आचारी भात खिमट करतो म्हणून सगळे आधीच कावलेले.

मी उभा राहून वाचायला लागलो. एकच वाक्य, पण ते मी पुन्हा पुन्हा घासले होते. तात्यांनी हात वर केला.

“इंग्रजीत कशास? मी इंग्रजीत आजारी पडलो नव्हतो.”

लोक हसले. मुन्सफसाहेब म्हणाले, सांगा यांना भाषांतर करून.

मला वाटले, सोपे आहे. तोंड उघडले आणि वाक्य कुठून धरावे ते कळेना. इंग्रजीत ‘विलंब’ पुढे उभा होता आणि मी त्याच्यामागे, चिटणीस या टोपीखाली. मराठीत पहिला शब्द कोणता घ्यावा? सगळे वाट पाहत होते.

म्हणालो, “सेतूने मला दोनदा सांगितलं, पातेल्याला कल्हई लावू या. मी ऐकलं नाही. त्याला लिहिता येत नाही हे ठाऊक असून लिहून आण म्हटलं. त्यामुळे तुम्ही सगळे आजारी पडलात.”

बाहेर कुणाचीतरी सायकल पडली.

तात्या म्हणाले, “थेट सांगितलंस.” मग गळपट्टा सैल करत म्हणाले, “माझा षड्ज गेला रे, नरसिंहा. महिनाभर लागलेला नाही.” ते कण्हत नव्हते. हिशेब सांगावा तसे म्हणाले.

मी चिटणिशीचा राजीनामा मेजावर ठेवला. एक-दोघे तरी नको म्हणतील असे वाटले होते. कुणी म्हणाले नाही. सेतूला परत बोलवावे असा ठराव तात्यांनीच मांडला. इंग्रजीत कोण लिहिणार यावर थोडा वेळ गेला, मग मराठीतच लिहिला.

घरी कामाक्षीने विचारले, काय झाले? सांगितले. ती म्हणाली, आमटी तापवते.

११ डिसेंबर, शनिवार

छापखान्याचा माणूस आला होता. सतरावे प्रकरण मागत होता. म्हटले, पुढच्या महिन्यात. ‘अनविटिंग्ली’ची नऊ कात्रणे पुन्हा वाचली. त्या नऊ जणांपैकी प्रत्येकाच्या दारात कुणी ना कुणी आधी येऊन गेले असेल का, असे मनात येत राहिले. अशाने व्याकरण लिहून होत नाही.

वर्गात आता पोरे कमी. दोघांच्या वडिलांनी काढून घेतली. उरलेल्यांचे यंत्र मात्र नीट चालते.

१८ डिसेंबर, शनिवार

सेतू बुधवारी आला. गोदाही. खोली उघडून दिली ती कामाक्षीने. माझ्याशी गोदा बोलत नाही. बोलेल असे मला वाटत नाही. मागायचा मला हक्कही नाही.

आज सकाळी झाडाखाली पुन्हा भाता सुरू झाला. नवसागराचा धूर आत आला. खोकत बसलो, खिडकी राहू दिली.

प्रकरणाचे पहिले वाक्य टाइप करत होतो. ‘गिव्ह’पर्यंत आलो होतो, तेवढ्यात सेतू उंबऱ्यावर. एका हातात मठाचे मोठे पातेले, काखेत लहान.

“नरसू, हे...”

मी उठलो. लहान पातेले त्याच्याकडून घेतले आणि दोघे झाडाकडे गेलो.